एक एकर विकण्याआधी बंद केलेल्या गोळ्या सुरू करा

पत्र : माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, 59 वर्षांचे असून शेती करतात. चार महिन्यांपूर्वी पहाटे त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि वाचा गेली. जाणत्या माणसांनी सांगितले म्हणून आम्ही त्यांना आधी लकव्याचे औषध देणाऱ्याकडे नेले. तेथे कबुतराचे रक्त चोळले, औषध पाजले आणि मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत नऊ तास गेले. सीटी स्कॅननंतर गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्याचे सांगण्यात आले. आता अण्णा काठी धरून अंगणात चालतात. हात खांद्यातून थोडा उचलतो, मनगट आणि बोटे जराशी उघडतात. पाणी हवे असले तरी 'पाणी' हा शब्द येत नाही, पण भजनाला बसवले की 'रामकृष्ण हरी' सुरात म्हणतात, त्यामुळे चुलते याला सोंग म्हणतात. तीन महिने उलटले की सुधारणा थांबते, असे सगळे सांगतात. एका शहरातल्या केंद्राने स्टेमसेलच्या इंजेक्शनसाठी तीन लाख रुपये सांगितले आहेत. त्यासाठी एक एकर काढावे का? आई रोज तेलाने चोळते आणि विटेने शेकते, ते बरोबर आहे का? लकव्याच्या औषधाचे पथ्य म्हणून दवाखान्याच्या गोळ्या दीड महिन्यापासून बंद आहेत. आधीच दवाखान्यात नेले असते तर अण्णा बरे झाले असते का, या विचाराने मला झोप येत नाही.
(केज तालुका, जि. बीड येथील एक वाचक)

उत्तर : नमस्कार.

आपण अनेक प्रश्न विचारले आहेत, पण ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटली ती आपण प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. ती पत्राच्या शेवटाकडे एका वाक्यात येऊन गेली आहे. अण्णांच्या गोळ्या दीड महिन्यापासून बंद आहेत. उत्तराची सुरुवात मी तेथूनच करते, कारण बाकीच्या कामांना आठ-पंधरा दिवस लागले तरी चालेल, या कामाला चालणार नाही.

आपण सोबत पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर तीन औषधे लिहिलेली आहेत : रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन आणि रक्तदाबाची एक गोळी. दाखल करताना रक्तदाब 190/110 असल्याची नोंदही त्यावर आहे. यांपैकी एकही गोळी लुळा हात हलता करण्यासाठी दिलेली नव्हती, त्यामुळे 'गोळ्या खाऊन काही फरक पडत नाही' असे घरच्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. या गोळ्यांचे काम दुसरा झटका थोपवण्याचे आहे. पक्षाघाताच्या दर चार रुग्णांमागे साधारण एकाला हा आजार आधीही होऊन गेलेला असतो, आणि पहिल्या झटक्यातून मेंदूने जे कष्टाने परत मिळवलेले असते ते दुसरा झटका एका पहाटेत पुसून टाकतो.

तेव्हा उद्याच सकाळी अण्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, कार्ड दाखवा आणि तेथील डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषधे पुन्हा सुरू करा. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या देऊ नका. आणखी एक विचारा : कार्डावर ईसीजीचा उल्लेख नाही, तो काढून हृदयाचे ठोके नियमित आहेत का हे पाहिले आहे का? ठोके अनियमित पडत असतील तर हृदयातच गुठळी तयार होऊन मेंदूकडे जाऊ शकते, आणि अशा वेळी ॲस्पिरिन पुरेसे नसते, रक्त पातळ करणारे वेगळे औषध द्यावे लागते. लकव्याचे जे औषध अण्णा घेत आहेत त्याची पुडीही डॉक्टरांना दाखवा. देणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. मात्र रक्तदाबाची गोळी बंद करायला लावणारे पथ्य अण्णांच्या घरात पाळले जाता कामा नये. अण्णा तंबाखू मळत असतील तर ती सुटावी लागेल, आणि जेवणातील लोणचे-पापड व वरून घेतलेले मीठ कमी करावे लागेल.

आपल्या देशातील 31 केंद्रांवर चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला 'स्प्रिंट इंडिया' नावाचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना त्यांच्या भाषेत मोबाइलवर संदेश आणि व्हिडिओ पाठवले, एक वही दिली, आणि वर्षभर पाहिले. वर्षभरात झटक्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण गोळ्या नियमित घेण्याचे आणि व्यसने सोडण्याचे प्रमाण सुधारले. म्हणजे आठवण करून दिल्याने माणसे गोळ्या घेतात, एवढे तरी नक्की. आपल्या घरी ती आठवण मोबाइलने नको असेल तर गोळ्यांची डबी साखर-पत्तीच्या डब्यांशेजारी ठेवा. सकाळचा चहा कोणत्याही घरात चुकत नाही.

आता एकराचा प्रश्न. जमीन विकू नका. हे मी अंदाजाने लिहीत नाही. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतील मगजातील) स्टेमसेल, म्हणजे मूळ पेशी, काढून त्या शिरेतून देण्याची चाचणी आपल्याच देशात, पाच केंद्रांवर, 120 रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पेशी दिल्या आणि ज्यांना दिल्या नाहीत, त्यांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. उपचार निरुपद्रवी ठरला, उपयोगी ठरला नाही. स्टेमसेलवरील संशोधन जगात पुढेही चालू आहे आणि कदाचित कधी त्यातून काही हाती लागेल, परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासारख्या आजारात हा उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्या केंद्राला दोनच गोष्टी विचारा : ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का, असल्यास तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर तीन लाख कशाचे? या दोन प्रश्नांनंतर फोनवरचा आवाज कसा बदलतो ते आपल्याला ऐकू येईलच.

हात-पाय 'लवकर सुधारावेत' म्हणून आशा धरलेल्या अनेक औषधांची मोठ्या चाचणीत अशीच निराशा झाली आहे. फ्लुऑक्सेटीन हे उदासीनतेवरचे औषध. 2011 मध्ये एका छोट्या अभ्यासात त्याने हाता-पायांची ताकद वाढल्याचे दिसले आणि सर्वत्र आनंद झाला. मग ब्रिटनमध्ये 3,127 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला, आणि हाती काय लागले, तर स्वावलंबनात काही फरक नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण अधिक. सिटिकोलिन, जे आपल्याकडे अनेक चिठ्ठ्यांवर असते, तेही 2012 च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले नाही. यंत्रांचेही तसेच. हाताला व्यायाम देणाऱ्या रोबोटची 770 रुग्णांवर तपासणी झाली (2019), आणि नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत हाताचा वापर त्याने अधिक सुधारला नाही. मानेतील एका मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म संकेत देत व्यायाम करून घेणारे एक उपकरण मात्र 108 रुग्णांच्या 2021 मधील अभ्यासात उपयोगी दिसले. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, आणि ते एवढ्यात आपल्या जिल्ह्यात येईल असे मला वाटत नाही.

मग उरते काय? उरतात ते सरावाचे तास. हे ऐकायला फिके वाटते हे मला ठाऊक आहे. इंजेक्शनला तीन लाख मागणाऱ्याचे बोलणे भारी वाटते, आणि 'रोज दोन तास हात वापरा' म्हणणाऱ्याचे हलके. पण पुरावा दुसऱ्याच्या बाजूने आहे.

तीन महिन्यांची जी मुदत आपल्याला सगळे सांगतात, तिच्यात अर्धे सत्य आहे. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने मेंदू नवे मार्ग तयार करण्यास अधिक तयार असतो. अमेरिकेतील 72 रुग्णांच्या एका अभ्यासात (2021) नेहमीच्या उपचाराखेरीज हाताचे वीस तास जास्तीचे प्रशिक्षण वेगवेगळ्या काळात देऊन पाहिले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ज्यांना ते मिळाले त्यांचा हात सर्वाधिक सुधारला आणि सहा महिन्यांनंतर दिलेल्यांना ठळक लाभ दिसला नाही. यावरून लोक 'संपले' असा अर्थ काढतात. परंतु झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या 222 रुग्णांवर झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, चांगला हात दिवसातील बहुतेक जागेपणी मोज्यात बंद ठेवून लुळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेतले, तेव्हा लाभ झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. चालण्याबाबत, 408 रुग्णांच्या चाचणीत (2011) पट्ट्याने लटकवून यंत्रावर चालवणे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घेणे यांचा परिणाम सारखाच निघाला, आणि सहा महिन्यांनंतर सुरुवात केलेल्यांनीही प्रगती केली. वेग मंदावतो, दार बंद होत नाही. अण्णा चौथ्या महिन्यात आहेत. घाई करावी असाच हा काळ आहे, मात्र ती इंजेक्शनची नव्हे.

येथे एक अडचणीचा निष्कर्षही सांगते, कारण तो लपवून सल्ला देणे बरे नव्हे. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडूनच व्यायाम करून घ्यायचे, म्हणजे खेड्यातील प्रश्न सुटेल, अशी कल्पना घेऊन भारतातील 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली. 2017 मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनंतर, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत मृत्यू वा परावलंबनाचे प्रमाण सारखेच, 47 टक्के. मला यातून 'घरच्यांनी काही करू नये' असे वाटत नाही; घरच्यांवर सारा भार टाकून तज्ज्ञाने बाजूला होऊ नये, एवढे मात्र वाटते. म्हणून जिल्हा रुग्णालयातील किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील फिजिओथेरपी विभागात अण्णांना दाखवा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा न्या, आणि मधल्या दिवसांत घरी काय करायचे ते प्रत्येक वेळी लिहून घ्या. एकराच्या किमतीतला अगदी छोटा भाग, गाडीभाडे धरून, यासाठी पुरेल.

अण्णांची बोटे आणि मनगट जराशी उघडतात ही आपल्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी आहे, कारण ते मोज्याचे प्रशिक्षण अशाच रुग्णांसाठी असते. फिजिओथेरपिस्टला दाखवून, ते योग्य म्हणाले तर, अण्णा बसलेले असताना डाव्या हाताला कापड गुंडाळा आणि समोर परातीत ज्वारीचे चार दाणे नव्हे, आधी लिंबू ठेवा. लिंबू उजव्या हाताने उचलून वाटीत टाकायचे. ते जमू लागले की सुपारी, मग भुईमुगाची शेंग, मग शेंगदाणा, आणि दाणे शेवटी. पहिल्या दिवशी लिंबू दहा वेळा घरंगळेल, अण्णा चिडतील, डाव्या हाताने ते उचलून भिरकावतील. चालेल. दहाच्या जागी पन्नास वेळा झाले पाहिजे, आणि ते अण्णांच्या कामाचे झाले पाहिजे : दावे सोडणे, तांब्या धरणे, सदऱ्याची गुंडी लावणे. चालताना आणि उभे असताना मात्र डावा हात मोकळाच हवा, नाहीतर तोल गेल्यास सावरता येणार नाही.

आईंना माझ्याकडून सांगा की त्यांच्या चोळण्याला माझा विरोध नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने कातडी चांगली राहते आणि अण्णांना बरे वाटते; त्याने नसा जाग्या होत नाहीत, एवढेच. वीट मात्र आजपासून बंद. लुळ्या बाजूला उष्णता कळण्याची जाणीव अनेकदा कमी झालेली असते, वीट भाजते आहे हे अण्णांना समजणार नाही, समजले तरी सांगता येणार नाही, आणि फोड दिसेल तो दुसऱ्या दिवशी. तसेच अण्णांना खाटेवरून उठवताना उजव्या दंडाला किंवा काखेत हात घालून ओढू नका. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असल्याने सांधा खाली उतरतो, आणि एकदा तो दुखू लागला की माणूस व्यायामाला हातच लावू देत नाही. उठवताना कमरेला धरा. झोपताना उजव्या हाताखाली उशी द्या.

आता चुलत्यांचे 'सोंग'. अण्णा सोंग करीत नाहीत. मनातला शब्द शोधून तो नव्याने उच्चारणे हे बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागाचे काम आहे, आणि उजवी बाजू लुळी पडली याचाच अर्थ इजा डाव्या भागाला झालेली आहे. पण वर्षानुवर्षे म्हणून पाठ झालेले नाम, आकडे, सूर, कधी कधी शिव्यासुद्धा, मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, आणि ती वाट अण्णांची शाबूत आहे. 'रामकृष्ण हरी' म्हणणारा माणूस 'पाणी' का म्हणत नाही, याचे उत्तर एवढेच आहे. त्या वाटेचा उपयोग करून घ्या. भजनात बसवा, एकपासून दहापर्यंत आकडे सोबतीने म्हणा, मग तोच सूर धरून 'पा-णी द्या' म्हणायला लावा. अण्णा शब्द शोधत असताना तो आपण पटकन पुरवू नका. मनात दहा मोजा, मग पहिले अक्षर द्या. जर्मनीत सहा महिन्यांहून जुन्या वाचादोषाच्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचा-उपचार दिले तेव्हा त्यांचे रोजचे बोलणे सुधारले (2017), म्हणजे येथेही गणित तासांचेच आहे. अंबाजोगाईला किंवा लातूरला गेल्यावर वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत का, हे विचारून या. अण्णा उगाच रडत असतील, जेवण टाकत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा; पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एकाला उदासीनतेचा आजार होतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याच फेरीत जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक ठरल्यास शासनाच्या योजनांसाठी ते लागते.

राहिला आपल्याला झोपू न देणारा प्रश्न. खरे उत्तर असे की ते सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते वेळेत मिळालेले सगळेच पूर्ण बरे होत नाहीत. त्यांच्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढते, इतकेच. पहाटे उठताच लुळे पडले असतील तर झटका झोपेत नेमका कधी आला हेही कळत नाही, आणि मग तो हिशेब आणखी अवघड होतो. आपण नऊ तास वाया घालवले ते निष्काळजीपणाने नव्हे. जे गावात सगळ्यांनी योग्य मानले तेच आपण केले. तो सल्ला देणाऱ्यांवरही मी फार रागावत नाही, कारण गेल्या पिढीत दवाखान्यातही या आजाराला फारसे काही नव्हते. साडेचार तासांची मर्यादा 2008 मध्ये सिद्ध झाली. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून मोठी गुठळी बाहेर ओढून काढण्याचा उपचार 2015 मध्ये पक्का ठरला, आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो हे 2018 मध्ये दिसले. आता गुठळी विरघळवण्यासाठी, तासभर सलाइनमधून द्याव्या लागणाऱ्या जुन्या औषधाऐवजी टेनेक्टेप्लेस हे नवे औषध एकाच इंजेक्शनात देता येते. कॅनडातील 2022 च्या मोठ्या चाचणीत ते जुन्या औषधाच्या तोडीचे ठरले. आधी तालुक्याला इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्णाला पुढे न्यायचे, हे त्यामुळे सोपे होऊ शकते.

गावात ही वेळ पुन्हा कोणाच्या तरी घरी येईल, आणि तेव्हा लोक आपल्याला विचारतील. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एकही अचानक दिसले तर 108 ला फोन करायचा आणि लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवायची. पाणी, चहा, औषध काहीही पाजायचे नाही. गिळणे बिघडलेले असते आणि ते श्वासनलिकेत उतरते. घरातली रक्तदाबाची किंवा ॲस्पिरिनची गोळीही द्यायची नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवून पाहिला तेव्हा (2024) रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला आणि गुठळीच्या रुग्णांचे नुकसान. केजपासून जवळ, रात्रीही सीटी स्कॅन चालू असलेले आणि हे इंजेक्शन देणारे रुग्णालय कोणते, हे एकदा दिवसाउजेडी जाऊन विचारून ठेवा, आणि तो नंबर गावात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याही मोबाइलमध्ये घाला. चुलत्यांना सोबत न्या. त्यांचेही वय झाले असेल, आणि त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता हे मला आपल्या पत्रातून कळलेले नाही.